शमूसाठी खणलेली कबर

मे महिन्यातल्या एका बुधवारी, मी आठवीची परीक्षा देऊन घरी होते तेव्हा, आमच्या मंडळीतल्या सहा माणसांनी माझा थोरला भाऊ शमुवेल याच्यासाठी कबर खणली. सकाळी सातला काम सुरू झालं आणि दुपारी तीनच्या सुमारास संपलं. त्या दिवशी शमू जिवंत होता. गाडीने चार तासांवर असलेल्या मिशनच्या हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर बसून त्याने सकाळी साबुदाण्याची पेज घेतली होती. हे आम्हाला शुक्रवारी कळलं.

आमचं गाव सेलूपासून दोन कोसांवर. मंडळी म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला असलेली ख्रिस्ती घरं, एकूण अकरा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि पाळक महिन्यातून एकदाच परभणीहून येत असल्यामुळे उरलेल्या रविवारी उपासनाही तेच घेत. शाळा आणि उपासनेची जागा एकच खोली होती. शनिवारी दुपारी मी फळा पुसायची आणि अण्णा त्यावर रविवारी म्हणायच्या गायनांचे पुस्तकातले आकडे लिहायचे. सोमवारी ते पुसून पुन्हा पाढे. बाहेर लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. शाळेची घंटा तीच, उपासनेची तीच, आणि कुणी गेलं की वाजायची तीही तीच, फक्त ठोके सावकाश आणि वयाइतके. त्या खोलीच्या मागे आमच्या दोन खोल्या. पहाटे जात्याचा आवाज, मग अण्णांचं मोठ्याने शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणं, मग भाकरी थापल्याचा आवाज, या क्रमाने दिवस उजाडायचा. आईला आम्ही माय म्हणायचो. ती मूळची सोनपेठकडची, शंकराची भक्ती करणाऱ्या घरातली. लग्नाबरोबर ती आमच्या विश्वासात आली आणि माहेरचं येणंजाणं बंद झालं. तिथली येसर करायची रीत तेवढी तिच्यासोबत आली. धान्यं आणि मसाला भाजून एकत्र दळून ठेवायचं, आणि भाजीला काही नसलं की उकळत्या पाण्यात दोन मुठी सोडायच्या. त्या आमटीचा वास खोलीच्या पुढच्या भागात, बाकांपर्यंत जायचा. पाळक आले की प्रवचन आटोपतं घ्यायचे, असं मंडळीत म्हणत. मी तपासलेलं नाही.

अण्णांचा एक शब्द होता: नेमलेलं. वादळात शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा ते पत्रे गोळा करत म्हणाले, नेमलेलं असेल. शेळी सापाने गेली, तेव्हा तेच. शमू आणि मी यांच्या मधे एक भाऊ होता. तो सहा दिवसांचा होऊन गेला, तेव्हाही अण्णा हेच म्हणाले आणि माय भांडी घासत राहिली, असं शेजारच्या सगुणाआत्याने मला सांगितलं. अण्णा हा शब्द दिलाशासाठी वापरत नसत. एखादा माणूस आज बुधवार आहे असं सांगतो, तसं ते सांगत. परमेश्वर जे करतो त्याचं कारण त्याच्याजवळ असतं; आपल्याला ते कळलंच पाहिजे असा काही करार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा आवाज त्यासाठी कधी चढला नाही. पुढे पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात काढली. इतक्या खात्रीने बोलणारी माणसं त्या काळात बरीच भेटली, पण त्यांना ऐकणारं कुणीतरी समोर हवं असायचं. अण्णा शेळीच्या मागे एकटे असतानाही तेच म्हणायचे.

शमू सोळा वर्षांचा होता. आधी त्याचे गुडघे सुजले, मग घोटे, मग सूज गेली आणि दम राहिला. विहिरीवरून घरी येईपर्यंत तो दोनदा थांबायचा आणि थांबल्याचं कारण म्हणून चपलेत काटा गेल्याचं सांगायचा. एप्रिलच्या शेवटी त्याला आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून बसायचा. त्याचा श्वास खोलीभर ऐकू यायचा, लोहाराचा भाता लांबून ऐकू यावा तसा. माय त्याला घेऊन हॉस्पिटलात गेली आणि तिथेच राहिली. अण्णा परीक्षेच्या पेपरांमुळे मागे थांबले. शमूच्या पिशवीत दोन शर्ट, एक पांघरूण आणि त्याचं शास्त्र होतं.

शास्त्राचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. आमच्या मंडळीत मुलगा किंवा मुलगी प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, पहिल्यांदा बसली की तिला स्वतःचं शास्त्र मिळायचं. पहिल्या पानावर नाव आणि जन्मतारीख असायची. माणूस दवाखान्यात गेला की ते त्याच्या उशाखाली जायचं. बाहेरगावी माणूस वारला, तर मयत पोचायच्या आधी त्याचं शास्त्र घरी पाठवायचं, म्हणजे पहिल्या पानावर दुसरी तारीख लिहिता येते आणि मातीच्या वेळी त्याच पुस्तकातून वाचता येतं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. अकरा घरांना तो माहीत होता. मायला माहीत नव्हता. तिच्या लग्नानंतर बाहेरगावी एकच माणूस वारला होता, आणि तेव्हा ती माझ्या वेळच्या बाळंतपणात अंधाऱ्या खोलीत होती.

मंगळवारी दिवस मावळायच्या आत सेलूच्या जिनिंगमध्ये काम करणारे रज्जाकभाई सायकलवर आले. त्यांची बायको त्याच हॉस्पिटलात होती. सलाम करून त्यांनी मायच्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं पुस्तक अण्णांच्या हातात दिलं.

"तुमच्या बाईनं देलं, मास्तर. म्हन्ल्या, तेवढं घरी द्या."

"आणखी काही म्हणाल्या?"

"काईच न्हाई. लय घाईत होत्या. वॉर्डात रडारड चालू होती, मी बी आत गेलो न्हाई."

अण्णांनी पाणी दिलं. रज्जाकभाई पाणी पिऊन गेले. अण्णांनी फडकं सोडलं, पहिलं पान उघडलं, पाहिलं आणि बंद केलं. मग ते लिंबाखाली गेले. मी सावकाश पडणारे ठोके मोजले नाहीत. सगुणाआत्याने मोजले. ती दारात येऊन म्हणाली, "सोळा झाले गं, इस्तर." माझं नाव एस्तेर; गावात इस्तर.

आमच्याकडची काळी माती मे महिन्यात दगड असते. भेगांत हात जाईल इतकी फाटते आणि पहारीला ढेकूळ सोडत नाही. म्हणून उन्हाळ्यात मयत यायची वाट न बघता आधी खणायला घेत. संध्याकाळच्या गाडीने माय मयत घेऊन येईल असं सगळ्यांनी धरलं. दफनाची जागा म्हणजे ओढ्याच्या काठचा बाभळींचा तुकडा, निजामाच्या वेळी मिळालेला. बायका तिथे जात नसत, पण पाणी पोचवायला म्हणून सगुणाआत्या गेली आणि मला धरून घेऊन गेली. अण्णांनी सुतळी आणली होती. शाळेच्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा होत्या. तिथून त्यांनी माप घेतलं होतं. त्यांनी सुतळी जमिनीवर ताणली आणि म्हणाले, "चार बोटं जास्त धरा." एरवी फळ्यावर रेघ मारताना त्यांचा हात असायचा, तसाच तो तेव्हाही होता.

पहार पौलसकाकाकडे होती. तो मंडळीतला सगळ्यात दणकट आणि सगळ्यात बोलका.

"मास्तर, हितं खाली मुरूम लागायलाय. जरा हिकडं सरकू का?"

"नको. धाकट्याच्या शेजारीच."

सहा दिवसांचा होऊन गेलेला भाऊ तिथेच पुरलेला होता. पौलसकाका पुन्हा वाकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ह्या मातीत उन्हाळ्यात मरू नये मानसानं. माझ्या टायमाला श्रावन बघून ठिवा."

"तुझ्या टायमाला आमी न्हाई येनार," सगुणाआत्या म्हणाली. "तुजं तू खांदून ठीव."

दोघे-तिघे हसले. अण्णाही किंचित हसले. मी ते पाहिलं, आणि त्या हसण्याचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुपारी घरात चूल पेटवायची नव्हती. सगुणाआत्याने पिठलं आणि भाकरी आणली. मी दोन भाकरी खाल्ल्या. मग शमूच्या अंथरुणाच्या जागी तोंड घालून रडले, इतकी की घसा बसला.

संध्याकाळी बैलगाडीत बाज टाकून माणसं सेलूच्या स्टेशनवर गेली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. तिच्यातून कापसाचे दोन व्यापारी आणि एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं. मयत नव्हती, मायही नव्हती. स्टेशनमास्तर म्हणाले की मयत असली तर मागच्या स्टेशनवरून कळवतात. त्यांना काही कळवलेलं नव्हतं. बाज रिकामी परत आली. गुरुवारी सकाळच्या गाडीने अण्णा एकटे गेले, शास्त्र पिशवीत घालून.

शुक्रवारी दुपारी ते परतले. चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मला म्हणाले, "शमू आहे."

"म्हंजे?"

"जेवला."

झालं होतं ते असं. वॉर्डात ढेकूण झाले होते. मंगळवारी सगळ्या खाटा उन्हात काढल्या आणि पेशंटांचं सामान नातेवाइकांनी आवरावं, नाही तर घरी पाठवावं, असं नर्सबाईंनी सांगितलं. मायने शर्ट आणि पांघरूण उकळत्या पाण्यातून काढलं. पुस्तक धुता येत नाही, म्हणून पाठवलं. मी तिला पुढे तीनदा विचारलं, वेगवेगळ्या वर्षी. उत्तर बदललं नाही. रज्जाकभाईंकडेही चौकशी केली. खाटा उन्हात पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. रडारड होती ती शेजारच्या खाटेवर. गंगाखेडकडचा, शमूच्याच वयाचा, त्याच दुखण्याचा एक मुलगा मंगळवारी दुपारी वारला होता.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, पण घटनाक्रमात ती इथे येते, म्हणून इथे लिहिते. डॉक्टरांनी मायला सांगितलं होतं की शमूच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, औषधाने दम कमी होईल, झडप नीट होणार नाही. किती दिवस, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन पावसाळे. गुरुवारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने हे अण्णांना सांगितलं, आणि अण्णांनी तिला कबरीचं सांगितलं. ऐकून तिने एकच विचारलं, "किती खोल खांदली?" शमूला झडपेचं सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. हे सगळं मायकडून कळलेलं. अण्णांना मी कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी उपासना शाळेत झाली नाही. अण्णांनी मंडळीला ओढ्याकाठी नेलं आणि त्या उघड्या कबरीभोवती उभं केलं. बायकांनाही नेलं, हे आमच्याकडे पहिल्यांदा झालं. ते म्हणाले की प्रभूच्या शिष्यांनी रिकामी कबर पाहिली तेव्हा आधी ते घाबरले, आनंद मागाहून झाला. आपण माणसं खणतो, भरायचं की नाही ते तो ठरवतो. आपली चूक झाली आणि त्याने आपल्या चुकीतून आपल्याला शिकवलं. ही जागा साक्ष म्हणून काही दिवस अशीच राहील. लोक रडत होते. मीही रडले, आनंदाने. त्या दिवशी अण्णांना दोन पावसाळ्यांचं माहीत होतं. त्यांचं प्रवचन मला बहुतेक शब्दशः आठवतं, आणि या एका माहितीनंतर त्यातला शब्द न् शब्द मी इतक्या वेळा उलटून पाहिला आहे की आता तो मला पहिल्यासारखा ऐकूच येत नाही.

शमू दहा दिवसांनी घरी आला. हडकला होता, पण दम बसला होता. मायने येसरची आमटी केली. घास मोडता मोडता त्याने मला विचारलं, "इस्तरे, माझ्या मौतीला काय जेवलीस?"

"पिठलं-भाकर."

"कुनाच्या घरचं?"

"सगुणाआत्याच्या."

"मंग बरं झालं, मी न्हवतो."

माय हसली नाही. त्याने दुसऱ्या दिवशी कबर बघायची असं सांगितलं, आणि अण्णा त्याला घेऊन गेले. मी मागे गेले. जनावर पडू नये म्हणून भोवती बाभळीचे काटे लावले होते. शमू काटे सरकवून काठावर बसला आणि पाय आत सोडले. मग म्हणाला, "लांबीला बरोबर हाय."

त्यानंतर माणसं येऊ लागली. सेलूच्या मंडळीतून, पेडगावहून, एसटीने, बैलगाडीने. आधी ती ओढ्याकाठी जाऊन वाकून बघायची, मग आमच्या घरी येऊन शमूला बघायची. म्हाताऱ्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवायच्या. अण्णा म्हणायचे, शमू, साक्ष दे. शमू उभा राहून सांगायचा की मी आजारी होतो, माझी कबर खणली होती, परमेश्वराने मला राखलं. पहिल्या आठवड्यात तो हे हसत सांगायचा. दुसऱ्या आठवड्यात जमिनीकडे बघून. रात्री जेवणं झाल्यावर त्याचं अंथरूण दारात असायचं, पण तो आडवा व्हायचा नाही. दम नसतानाही भिंतीला टेकून बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, आडवं झालं की लांबी आठवते. वारा सुटला की ओढ्याकाठच्या काट्यांची सळसळ आमच्या मागच्या खोलीत ऐकू यायची. अंतर पाहता ती ऐकू येणं शक्य नव्हतं. मी गेल्या वर्षी पुन्हा जाऊन पावलं मोजली. साडेचारशेच्या वर आहेत. तरी मी ती ऐकत होते आणि शमूही ऐकत होता, कारण सळसळ झाली की आम्ही दोघे एकाच वेळी मान वळवत असू.

एका संध्याकाळी पेडगावची माणसं गेल्यावर तो अण्णांना म्हणाला, "शेजारच्या खाटंवरचा पोरगा बी प्रार्थना करायचा. त्याचे मायबाप बी करायचे, त्यांच्या त्यांच्या देवाला. दोघांचं दुखनं एक होतं. मला राखलं, त्याला का नेलं?"

"त्याचंही काही नेमलेलं असेल," अण्णा म्हणाले.

"आन् माझं?"

"तुझंही आहे."

"मंग सांगा की, काय नेमलंय माझं."

अण्णा पुढच्या बाकावर बसले होते, मुलं बसतात त्या. ते म्हणाले, "विश्वास म्हणजे उत्तर आधी न मागता चालायचं, शमू."

"मी चालायलोच की. दम लागतो तेवढाच." आणि मग, "ती बुजवा अण्णा आता. झाली साक्ष."

"थोडे दिवस राहू दे."

मायने दोनदा सांगितलं, सगुणाआत्याने एकदा. सगुणाआत्याचं कारण वेगळं होतं. तोंड उघडं राहिलेली कबर माणूस मागते, असं गावातले लोक म्हणत, आणि फडक्यात वरवंटा गुंडाळून त्यात पुरावा, म्हणजे तिचं समाधान होतं, असा त्यावर उपाय होता. अण्णांनी तिला बाकावर बसवून शांतपणे सांगितलं की आपण असलं मानत नाही. ती म्हणाली, "मी बी मानत न्हाई, मास्तर. पर वरवंटा माझ्याकडं जास्तीचा हाय." अण्णांनी तिला चहा दिला आणि विषय संपवला. पण कबर भरली नाही. का भरली नाही, याला त्या वेळी मंडळीत एकच उत्तर होतं: साक्ष. मृग लागायला चारपाच दिवस उरले, तरी तेच उत्तर होतं.

मग एके दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर मायने कोपऱ्यातलं फावडं उचललं, मला टोपलं घ्यायला सांगितलं आणि निघाली. शमू मागून आला. ओढ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. तो बाभळीखाली बसला. मायने पदर खोचला, काटे बाजूला केले आणि काठावरची ढेकळं आत लोटायला सुरुवात केली. ती सुकून इतकी कडक झाली होती की आत पडताना भांड्यासारखी वाजत.

"माय, नीट दाबून टाक," शमू बाभळीखालून म्हणाला. "न्हाई तर मी निघंन वर."

"गप बस. दम धर."

अर्ध्या तासाने अण्णा आले. त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही. ते काट्यांच्या बाहेर उभे राहिले.

"रविवारी सोनपेठची मंडळी यायलीय बघायला," ते म्हणाले.

"येऊ द्या. चहा करीन."

"अगं, ही साक्ष आहे."

माय थांबली. तिचे हात कोपरापर्यंत धुळीने काळे झाले होते. ती म्हणाली, "मला येकच सांगा. ही तुमी देवाच्या नावानं उघडी ठिवली, का याच्या?" आणि फावड्याच्या दांड्याने तिने शमूकडे दाखवलं.

ओढ्यात पाणी नव्हतं, वारा नव्हता. मी टोपलं धरून उभी होते. मग अण्णा म्हणाले, "मला माहीत न्हाई."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. शाळेत एखादं गणित अडलं तरी ते म्हणायचे, बघून सांगतो.

शमू उठून उभा राहिला. "माझ्या नावानं म्हंजे?" त्याने एकदा अण्णांकडे पाहिलं, मग मायकडे. "डॉक्टरनं किती सांगितलं, माय?"

माय म्हणाली, "दोन पावसाळे."

"हा धरून?"

"हा धरून."

शमूने वर पाहिलं. आभाळात तुरळक ढग होते. तो पुन्हा बाभळीला टेकून बसला. "मंग बुजवा लवकर," तो म्हणाला. "पानी साचलं तर तळं हुईल हितं. लेकरं पडतील."

अण्णा काट्यांतून आत आले आणि त्यांनी मायच्या हातातून फावडं घेतलं. दुपारपर्यंत कबर भरली. कुणी काही वाचलं नाही, गायलं नाही. जमीन सपाट झाल्यावर मायने काटे उचलून बांधावर टाकले.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर घरची प्रार्थना होती. रोज अण्णा करत. त्या दिवशी ते शमूला म्हणाले, "आज तू कर." शमूने शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं नाव घेतलं. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या मायबापांना बळ दे, असं म्हणून तो थांबला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मग आडवा झाला आणि झोपला. नंतर तो भिंतीला टेकून फक्त दम लागल्यावरच बसायचा.

अण्णांची उपासना पुढेही बावीस वर्षं चालू होती. 'नेमलेलं' हा शब्द त्यांनी तिथे वापरला. घरात मी तो पुन्हा ऐकला नाही, आणि मी लक्ष ठेवून होते. त्या उन्हाळ्याबद्दल मला आजही दोन शक्यता दिसतात: ते देवावर विसंबून होते म्हणून ती जागा त्यांनी उघडी ठेवली, किंवा मे महिन्यातली माती पुन्हा खणायला किती कठीण, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. दोन्हींना पुरावा आहे. ज्याच्याकडे उत्तर असायला हवं होतं त्याने माहीत नाही असं सांगितलेलं आहे, आणि ते त्यांच्याच शब्दांत मी वर नोंदवलं आहे. आता मी परभणीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इथून रेल्वेचा आवाज येतो, बाभळी कुठेही नाहीत. तरी मे महिन्यात वारा सुटला की माझी मान वळते.

शमूने दहावी केली, मग सेलूला एका वकिलाकडे अर्ज लिहायचं काम धरलं. अक्षर अण्णांसारखं होतं. लोक त्याला ओढ्याकाठचा शमू म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. नव्या पक्षकाराला तो स्वतःच सांगायचा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, लिंबाखाली बाजेवर बसलेला असताना तो गेला. माय शेजारी ज्वारी निवडत होती. मी सेलूला कॉलेजात होते. कबर त्याच जागी खणली. माती मोकळी होती. चार माणसांना दोन तास लागले. तो वाढला होता, त्यामुळे पायथ्याकडे थोडं पुढे न्यावं लागलं. मला रडू आलं नाही. माझं रडणं अडीच वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं, आणि ते परत आणता येईना.

पुढच्या रविवारी उपासना शाळेत झाली. फळ्यावर गायनांचे आकडे होते. साक्षीची वेळ आली तेव्हा अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. बायकांच्या बाजूने माय उभी राहिली. ती याआधी कधी उभी राहिली नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टरनं दोन पावसाळे सांगितले होते. त्यानं तीन बघितले. त्याबद्दल मी परमेश्वराचे उपकार मानते." मग ती खाली बसली, आणि अण्णांनी पुढच्या गायनाचा आकडा सांगितला.